कोपर-संधिविकृती, कुत्र्यांतील
मोठ्या जातींच्या कुत्र्यांच्या पुढील पायातील कोपराचा सांधा वाढीच्या वयात नीट न घडल्यामुळे होणारा विकार. या सांध्यात तीन हाडे एकत्र येतात. त्यांची वाढ परस्परांशी न जुळल्यास उपास्थीवर ताण पडून तिचा वा हाडाचा तुकडा सुटतो. अल्सेशियन कुत्र्यात सु. २० आठवड्यांपर्यंत सांधला जावयास हवा असा हाडाचा एक उंचवटा सुटाच राहतो. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर इ. जातींत सांध्याच्या आतील बाजूच्या उंचवट्याला तडे जातात. लक्षणे बहुधा चौथ्या ते आठव्या महिन्यात दिसू लागतात. दोन्ही पाय सारखेच दुखत असल्यास पिल्लू उघड लंगडत नाही, केवळ आळशी वाटते व निदान लांबते.

विकार आनुवंशिक असून अनेक जीनांवर अवलंबून असतो. आहाराचाही त्यावर परिणाम होतो. नेदर्लंड्समधील उत्रेक्त येथे ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत (१९८५) जादा कॅल्शियमामुळे सांगाड्याच्या वाढीत दोष निर्माण झाले. हाडे बळकट व्हावीत म्हणून संतुलित आहारावर आणखी कॅल्शियम देण्याची रूढ समजूत त्यामुळे घातकच म्हणावी लागते.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या पद्धतीनुसार क्ष-किरण चित्रावरून सांध्याला ० ते ३ अशी प्रत देतात. शून्य प्रतीच्या नर-मादीलाही सदोष पिल्ले होऊ शकतात. म्हणून पैदाशीसाठी निवड करताना त्यांच्या भावंडांच्या व संततीच्या नोंदीही पाहतात.