बिनतारी जाळ्यांची सुरक्षा-तपासणी : साधने बदलतात तेव्हा

कार्यालये, शाळा, ग्रंथालये, रुग्णालये आणि ग्रामपंचायती यांच्या दैनंदिन कारभारात वाय-फाय या बिनतारी संदेशवहनाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी सार्वजनिक वाय-फायसाठी ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिल्यानंतर या सेवेची व्याप्ती आणखी वाढली. तारेतून जाणारा संदेश तारेपुरता मर्यादित असतो. बिनतारी संदेश मात्र भिंतीपलीकडे, रस्त्यावर आणि शेजारच्या इमारतीतही पोहोचतो. त्यामुळे अशा जाळ्याची सुरक्षितता वेळोवेळी तपासून घेणे ही केवळ तंत्रज्ञांची नव्हे, तर कार्यालयप्रमुखांचीही जबाबदारी ठरते. ही तपासणी ज्या आज्ञावलींच्या, म्हणजेच सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने होते त्या स्वतःच सतत बदलत असतात. या बदलांमुळे तपासणीचा अहवाल कसा फसवा ठरू शकतो आणि त्यावर उपाय कोणते, याचा विचार येथे केला आहे.

निष्काळजीपणाची किंमत

असुरक्षित वाय-फायचा दुरुपयोग किती गंभीर असू शकतो, याचा अनुभव महाराष्ट्राने २००८ मध्ये घेतला. त्या वर्षी जुलैमध्ये अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठविण्यात आलेला दहशतवाद्यांचा ई-मेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे निष्पन्न झाले. ऑगस्टमध्ये माटुंगा येथील एका महाविद्यालयाच्या, तर सप्टेंबरमध्ये चेंबूर येथील एका आस्थापनेच्या जोडणीचा असाच वापर झाला. जोडणीच्या मालकांना या गोष्टीची कल्पनाही नव्हती. तरीही पोलीस तपास प्रथम त्यांच्याच दारी पोहोचला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या.

पुण्यातील संशोधन

बिनतारी सुरक्षेच्या अभ्यासात पुणे शहराचा वाटा मोलाचा आहे. येथे विकसन केंद्र असलेल्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीच्या संशोधकांनी २००७ मध्ये ‘कॅफे लाते’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत अमेरिकेतील एका परिषदेत मांडली. ‘वेप’ या जुन्या संरक्षण-पद्धतीची किल्ली मिळविण्यासाठी कार्यालयाच्या जवळ असण्याचीही गरज नाही; दूर कोठेतरी असलेल्या कर्मचाऱ्याच्या एकट्या लॅपटॉपवरूनही ती काढता येते, असे त्यांनी दाखवून दिले. एक पेला कॉफी पिऊन होईपर्यंत हे काम होते, म्हणून ते नाव पडले. पुढे २०१० मध्ये याच कंपनीतून ‘होल १९६’ हा दोष जगासमोर आला. जाळ्यावरील सर्वांना समान असणाऱ्या किल्लीचा गैरफायदा आतलाच अधिकृत वापरकर्ता घेऊ शकतो, असा तो दोष होता. त्याचे मूळ ज्या प्रमाणग्रंथात होते, त्याच्या १९६ व्या पृष्ठावरून त्याला हे नाव मिळाले. या कंपनीने २०१६ मध्ये मोजो नेटवर्क्स हे नाव घेतले आणि २०१८ मध्ये ती अरिस्टा नेटवर्क्समध्ये विलीन झाली.

‘कॅफे लाते’ ही पद्धत नंतर ‘एअरक्रॅक-एनजी’ या मुक्त आज्ञावली-संचात समाविष्ट झाली. जगभरातील तपासनीस हा संच वापरतात. साधने का बदलतात, याचे उत्तर या उदाहरणात मिळते. नवा दोष सापडला की त्याची चाचणी साधनात घालावी लागते, आणि नवे संरक्षण आले की चाचणीची रीत बदलावी लागते. वेप ही पद्धत १९९७ च्या मूळ मानकाबरोबर आली आणि २००१ मध्ये तिच्यातील मूलभूत दोष प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’, २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ अशा नव्या पद्धती आल्या. दरम्यान, ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मधील ‘क्रॅक’ हा दोषही उघड झाला. दहा वर्षांपूर्वीच्या साधनाने आजचे जाळे तपासणे म्हणूनच पुरेसे होत नाही.

बदल कोठे अडवितो?

अद्ययावत केलेल्या साधनातील काही बदल जुन्या कार्यपद्धतीशी जुळत नाहीत. एअरक्रॅक-एनजीच्या १.२ या मालिकेत असा एक बदल झाला. वाय-फाय कार्ड केवळ ऐकण्याच्या स्थितीत नेले की पूर्वी ‘मॉन-शून्य’ या नावाचा नवा दुवा तयार होत असे. नव्या आवृत्तीत त्याचे नाव मूळ दुव्यावरून, म्हणजे ‘डब्ल्यूलॅन-शून्य-मॉन’ असे होऊ लागले. बदल केवळ नावाचा. परंतु अनेकांनी तपासणीच्या आज्ञा एका मालिकेत लिहून ठेवलेल्या होत्या आणि त्या मालिकेत जुने नाव होते. दुवा न सापडल्याने एक आज्ञा अयशस्वी होते, मालिका मात्र पुढे चालूच राहते आणि शेवटी रिकामी नोंदवही हाती येते. रिकामी नोंदवही पाहून कोणी ‘दोष नाही’ असा शेरा मारला, तर तपासणी न होताच प्रमाणपत्र दिल्यासारखे होते.

‘पायथन’ या संगणकीय भाषेतील स्थित्यंतर याहून सूक्ष्म आहे. तिची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. हवेतून टिपलेली माहिती आणि लिहिलेला मजकूर यांत दुसरी आवृत्ती फारसा भेद करीत नसे. तिसरी आवृत्ती दोन्ही वेगळे मानते. त्यामुळे टिपलेल्या माहितीत एखादे नाव शोधणारी जुनी तुलना नव्या आवृत्तीत कोणतीही तक्रार न करता प्रत्येक वेळी ‘जुळत नाही’ असेच उत्तर देऊ शकते. काम थांबत नाही, पण उत्तर चुकते.

संकेतशब्दांची बळकटी तपासणाऱ्या ‘हॅशकॅट’ या साधनाच्या जून २०२० मधील ६.० या आवृत्तीत बिनतारी नोंदींसाठी २२००० क्रमांकाचा नवा प्रकार आला आणि जुना २५०० क्रमांकाचा प्रकार कालबाह्य ठरविण्यात आला. पूर्वी साठविलेल्या नोंदी नव्या स्वरूपात आणल्याखेरीज या प्रकारात वापरता येत नाहीत.

काही वेळा साधन तेच राहते, पण तपासले जाणारे जाळे बदलते. जोडणी तोडल्याची खोटी सूचना पाठवून पुन्हा जोडणी होत असताना संदेश टिपणे, ही तपासणीची एक जुनी रीत आहे. डब्ल्यूपीए-३ मध्ये अशा सूचनांना संरक्षण बंधनकारक असल्याने उपकरणे त्या खोट्या सूचनेकडे दुर्लक्ष करतात. त्याचप्रमाणे एअरक्रॅक-एनजी संचातील जाळी टिपणारी आज्ञा वेगळे सांगितले नाही, तर केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्टाच पाहते. ५ गिगाहर्ट्झवरील जाळी तिच्या नजरेतून सुटतात.

वजनमापाचा धडा

बाजारातील तराजू खरा आहे की नाही, हे वैधमापन निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून पाहतात. हाच नियम येथे लागू करता येतो. तपासनीसाने एक जुना राउटर मुद्दाम दुबळ्या संरक्षणावर व सोप्या संकेतशब्दावर लावून, इंटरनेटपासून अलग ठेवावा. साधन अद्ययावत केल्यावर प्रथम या राउटरची तपासणी करावी. माहीत असलेला दोष साधनाला सापडला, तरच ते पुढील कामास योग्य समजावे. सापडला नाही, तर दोष साधनात, कार्डात किंवा आज्ञांच्या मालिकेत आहे, हे उघड होते.

नवी आवृत्ती सर्व संगणकांवर एकाच वेळी घालू नये. एका संगणकावर ती घालून, तिच्यासोबतची बदलांची टिपणी वाचून, जुन्या व नव्या आवृत्तीचे निष्कर्ष ताडून पाहावेत आणि मगच जुनी आवृत्ती निवृत्त करावी. बदल टाळण्यासाठी जुन्याच आवृत्तीला कायम चिकटून राहणे हाही उपाय नव्हे. कारण नवी संरक्षण-पद्धती आणि नवे दोष तिला ठाऊकच नसतात.

अहवाल स्वीकारताना

कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक किंवा सरपंच यांना आज्ञावलींचे ज्ञान असण्याची आवश्यकता नाही. अहवाल स्वीकारण्यापूर्वी त्यांनी पुढील गोष्टींची खात्री करून घ्यावी :

१. वापरलेल्या प्रत्येक साधनाचे नाव, आवृत्ती व तपासणीचा दिनांक अहवालात नोंदविला आहे काय?

२. ज्ञात दोष असलेल्या उपकरणावर साधनाची आधी चाचणी घेतली होती काय?

३. कार्यालयातील सर्व राउटर आणि त्यांचे सर्व कंपन-पट्टे तपासले गेले काय?

४. ‘दोष आढळला’, ‘दोष आढळला नाही’ आणि ‘तपासणी होऊ शकली नाही’ हे तीन निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडले आहेत काय?

यांतील चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. दुसरा आणि तिसरा निष्कर्ष एकत्र केल्याने जोखीम दडून राहते. ‘तपासणी होऊ शकली नाही’ असे लिहिणे हा तपासनीसाचा कमीपणा नसून प्रामाणिकपणा आहे, आणि त्याचे कारण नोंदवून फेरतपासणीची तारीख ठरविणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे.

कायद्याची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणक-जाळ्यात प्रवेश करणे हे बेकायदेशीर कृत्य आहे. ते अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून तपासणीचे ठिकाण, कालावधी व मर्यादा नमूद करणारी लेखी परवानगी कामापूर्वीच द्यावी. तपासणीत प्रत्यक्ष घुसखोरी झाल्याचे आढळल्यास, एप्रिल २०२२ मधील निर्देशांप्रमाणे, ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय यंत्रणेस सहा तासांच्या आत कळविणे आवश्यक आहे.

तपासणीची साधने यापुढेही बदलत राहणार. लेखी परवानगी, साधनाची पूर्वचाचणी आणि न झालेल्या तपासणीची स्पष्ट नोंद या तीन गोष्टी पाळल्या, तर प्रत्येक बदलानंतरही अहवालावर विश्वास ठेवता येईल. गावातील विद्यार्थ्यांची माहिती, रुग्णांच्या नोंदी आणि नागरिकांचे दाखले ज्या जाळ्यावरून ये-जा करतात, त्याच्या सुरक्षिततेबद्दलचा शेरा तपासणीनंतरच लिहिला गेला पाहिजे.