परराष्ट्रविचार दिल्लीत जन्मला नाही

आंतरराष्ट्रीय राजकारण म्हटले की डोळ्यांसमोर दिल्लीचा साउथ ब्लॉक येतो, नाहीतर न्यूयॉर्कमधले संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय. मुंबईतले ठाकुरद्वार किंवा परळ येत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीच त्याच्या जन्माची गोष्ट नव्याने तपासायला घेतली आहे, आणि त्या तपासात मुंबई पुन्हा पुन्हा समोर येते. जुने समज मात्र अजून ठाण मांडून आहेत.

गैरसमज: कौटिल्यानंतर थेट नेहरू, मधल्या काळात इथे जगाचा विचार कोणी केलाच नाही.

हा समज परदेशी अभ्यासकांनीही पसरवला. अमेरिकेतील रँड संस्थेसाठी जॉर्ज टॅनहम यांनी 1992 साली लिहिलेल्या निबंधात, भारतीयांत व्यूहात्मक विचाराची परंपराच फारशी नाही असा सूर होता. तो पुढे बरीच वर्षे उद्धृत होत राहिला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबू धाबी शाखेतले राज्यशास्त्राचे प्राध्यापक राहुल सागर यांनी त्याला पुराव्यानिशी उत्तर दिले. ‘टू रेझ अ फॉलन पीपल’ (2022) या संपादित ग्रंथात त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या भारतीयांचे लेख एकत्र केले आहेत. रशियाची मध्य आशियातली आगेकूच, मुक्त व्यापार, चीनला जाणारी अफू, समुद्रपर्यटनाची बंदी, गोऱ्यांचा वर्णद्वेष अशा प्रश्नांवर लोक हिरिरीने वाद घालत होते. नेहरूंचा जन्म 1889 चा. यातले बरेच वाद त्याआधीच रंगले होते.

गैरसमज: आंतरराष्ट्रीय राजकारण हा विषय 1919 साली वेल्समध्ये जन्मला.

ॲबरिस्टविथ येथे 1919 मध्ये या विषयाचे पहिले अध्यासन सुरू झाले, हे खरे. पण अध्यासन सुरू होणे वेगळे आणि विचार सुरू होणे वेगळे. अमिताव आचार्य आणि बॅरी बुझान यांनी 2019 च्या ग्रंथात हेच मांडले: अध्यासनापूर्वीच युरोपात आणि युरोपाबाहेरही या विचाराची मुळे रुजली होती.

आपल्याकडचे उदाहरण तर त्याच्याही कितीतरी आधीचे आहे. 1841 साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ या टोपणनावाने काही पत्रे छापून आली. लिहिणारे होते भास्कर पांडुरंग तर्खडकर, वय जेमतेम पंचविशीचे. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे त्यांचे थोरले भाऊ. गिरगावातला चौक ज्या प्रार्थना समाजाच्या नावाने ओळखला जातो, त्याचे संस्थापक आत्माराम पांडुरंग हे धाकटे. व्यापार आणि करांच्या वाटेने हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडला कशी चालली आहे आणि इथला कारागीर कसा बुडतो आहे, हे भास्कररावांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शहरात त्यांना सुनावले. संपत्तीच्या या वहनाचा सिद्धांत आपण दादाभाई नौरोजींच्या नावावर जमा करतो. त्याला शास्त्रीय बैठक त्यांनी दिली हे निर्विवाद, पण 1841 मध्ये ते शाळकरी वयाचे होते. एका देशाची गरिबी दुसऱ्या देशाच्या श्रीमंतीशी जोडून पाहणे हा जागतिक राजकारणाचाच विचार आहे. तो वयाच्या तिशीतच गेलेल्या एका मराठी तरुणाने मांडला याचा मला फार अभिमान वाटतो, आणि त्याचे नाव शाळेच्या पुस्तकांत सहसा भेटत नाही याचे तितकेच दुःख.

गैरसमज: टिळकांचे राजकारण देशापुरते होते.

ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्याविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक 1918 च्या अखेरीस लंडनला गेले. महायुद्ध नुकतेच संपत होते. जानेवारी 1919 मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना पत्र लिहून हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी केली. विल्सन यांच्या सचिवाकडून नम्र पण कोरडे उत्तर आले. पुढे पॅरिसच्या शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमेन्सो यांनाही टिळकांनी लिहिले. काँग्रेसने परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचवली होती. सरकारने मात्र पाठवले बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि एस. पी. सिन्हा यांना. हार्वर्डचे एरेझ मनेला यांनी ‘द विल्सोनियन मोमेंट’मध्ये हा प्रसंग इजिप्त, चीन आणि कोरियाच्या तशाच अपेक्षाभंगाशेजारी ठेवला आहे. टिळकांची ती धडपड एकाकी नव्हती, हे त्यातून कळते.

गैरसमज: गिरणगावाला पगार-बोनसपलीकडचे जग ठाऊक नव्हते.

जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. काही दिवसांतच लेनिनने त्यावर लिहिले. त्या लेखाचा विषय मुंबई नव्हता. विषय होता जागतिक राजकारणातली स्फोटक सामग्री, आणि तिच्यात इराण, तुर्कस्तान यांच्याबरोबर मुंबईचा संप होता. दुसरे महायुद्ध सुरू होऊन महिना उलटतो न उलटतो, तोच 2 ऑक्टोबर 1939 ला इथल्या कामगारांनी युद्धाविरोधात संप पुकारला. पगारवाढीचा त्यात संबंध नव्हता.

जगाशी असे नाते याच शहरातून आणखी एकाने जोडले: दादरच्या राजगृहात ग्रंथालय उभारणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांच्या बाबतीत तसे काही करता येईल का, हा विचार मनात होता. डू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले. जात हा ‘अंतर्गत’ प्रश्न आहे असे मानणाऱ्या परराष्ट्र अभ्यासकांपुढे हा पत्रव्यवहार आता नव्याने ठेवला जात आहे.

गैरसमज: हे नवे संशोधन पुरेसे आहे.

सागर यांच्या ग्रंथातले लेख मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांतले आहेत. मराठी बाजू अजून बरीचशी बाहेरच आहे. भाऊ महाजनांनी 1841 मध्ये सुरू केलेल्या ‘प्रभाकर’मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास छापला जात होता, लोकहितवादींची शतपत्रेही तिथलीच. रामकृष्ण विश्वनाथ यांनी 1843 मध्ये हिंदुस्थानच्या प्राचीन आणि सांप्रतच्या स्थितीवर, आणि पुढे त्याचा काय परिणाम होईल यावर, मराठीत ग्रंथ लिहिला. इतिहासकार ज. वि. नाईक यांनी तर्खडकर, भाऊ महाजन आणि रामकृष्ण विश्वनाथ या तिघांना दादाभाईंचे पूर्वसूरी म्हणून पुढे आणले, त्यालाही आता दोन दशके उलटून गेली. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या वर्गात या तिघांचे मूळ लेखन वाचायला लावणारा अभ्यासक्रम मुंबईतच सुरू व्हायला हवा, आणि तोही मराठी मजकुरासह.