टाइल्स कापताना धूळ सांभाळा

ओट्यामागच्या भिंतीला काय लावावे, असे निमोणे परिसरातले रुग्ण मला बोलता बोलता विचारतात. अलीकडे छोट्या लांबट सबवे टाइल्सचे नाव निघते. १९०४ साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत अशा ३ बाय ६ इंची पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या, त्यावरून हे नाव पडले.

तेलाचे डाग त्यांवरून चटकन पुसले जातात, हे खरे. मात्र विटांसारखी रचना करताना एकाआड एक ओळीत अर्धी टाइल लागते. म्हणजे कापणे आले आणि धूळही आली.

या धुळीत सिलिका असते. तिचे बारीक कण फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात. वर्षानुवर्षे ते श्वासातून गेले की सिलिकोसिस होऊ शकतो. तो पूर्ण बरा करणारे औषध नाही. शिवाय क्षयाचा धोका वाढतो. आपल्या घरचे काम चार दिवसांत संपते, कारागिराचे मात्र ते रोजचेच असते.

म्हणून भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स शक्यतो हातकटरने रेघ मारून तोडाव्यात. धूळ फार कमी उडते. यंत्र लागलेच, तर पाणी सोडण्याची सोय असलेले घ्यावे. साध्या विजेच्या कटरवर बाटलीने पाणी ओतू नये, शॉक बसू शकतो. कापण्याचे काम अंगणात करावे. मुले व दमेकरी यांना दूर ठेवावे. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क हवा. खाली पडलेली धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

कारागिराला आपण चहा विचारतो, तसा मास्कही आठवणीने द्यावा.