बॉनेटवर नाव कुणाचे, आत घाम कुणाचा?

चारचाकी म्हणजे साहेबाची वस्तू, हे दिवस आता आपल्या वस्त्यांतूनही गेले. कुणाचा मुलगा टॅक्सीसाठी कर्ज काढतो, कुणी ग्रॅच्युइटीच्या पैशातून जुनी व्हॅन घेतो, तर कुणाची नोकरीला लागलेली मुलगी आईवडिलांसाठी छोटी गाडी दारात आणते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण गाडी घ्यायची म्हटली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आपल्या देशाचीच घ्या, पैसा देशात राहील." दुसरा म्हणतो, "परदेशी ती परदेशी, दहा वर्षे बॉनेट उघडायला नको." दोघेही तावातावाने बोलतात, पण देशी कोणती आणि परदेशी कोणती, हे दोघांनीही तपासलेले नसते. ते तपासणे गरजेचे आहे असे आम्हाला वाटते. कारण हा प्रश्न नुसत्या गाडीचा नाही. ती जिथे बनते त्या कारखान्यातल्या कामगाराच्या चुलीचा तो प्रश्न आहे, आणि तो कामगार पुष्कळदा आपल्याच घरातला असतो.

पद्मिनी तरी कुठे देशी होती?

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे आपली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात गाडी बनत होती ती इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून. सत्तरच्या दशकात तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले, तरी टॅक्सीवाले तिला अखेरपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

मंत्र्यासंत्र्यांच्या अँबॅसडरचीही तीच कथा. तिचा मूळ साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचा. कारखाना पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला, मालक बिर्ला. मे २०१४ मध्ये तो कारखाना बंद पडला आणि २०१७ साली 'अँबॅसडर' हे नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना विकत घेतले. आराखडा इंग्रजांचा, भांडवल बिर्लांचे, घाम उत्तरपाड्याच्या कामगारांचा आणि शेवटी नाव फ्रेंचांचे! नावाला ८० कोटी मिळाले. त्या नावासाठी हयात घालवलेल्या हातांची अशी बोली कुणी लावली नाही.

एका गाडीत किती देश?

मारुतीचे उदाहरण घ्या. भारत सरकारची कंपनी म्हणून १९८१ साली ती उभी राहिली. १९८२ साली जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला, तेव्हा सुझुकीचा वाटा २६ टक्के होता. १९९२ साली तो ५० टक्क्यांवर गेला, २००२ साली त्याहून वर गेला आणि २००७ साली सरकार पूर्णपणे बाहेर पडले. म्हणजे लोक जिला अजून 'आपली मारुती' म्हणतात तिची मालकी जपानी आहे, आणि कारखाने मात्र हरियाणा-गुजरातमध्ये आहेत. आता तर गंगा उलटी वाहते आहे. गुजरातमध्ये तयार झालेली 'फ्राँक्स' ही गाडी ऑगस्ट २०२४ पासून पिपावाव बंदरातून जपानला जाऊ लागली. जपानी माणूस ती घेतो तेव्हा तो देशी गाडी घेतो की परदेशी?

टाटांची इंडिका १९९८ साली पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा 'अस्सल भारतीय गाडी' म्हणून तिचा गौरव झाला आणि तो रास्तही होता. तिचा बाह्य आकार मात्र इटलीतल्या एका संस्थेच्या मदतीने ठरला होता. हीच इंडिका २००३ पासून इंग्लंडमध्ये 'सिटीरोव्हर' या नावाने, इंग्रजी कंपनीचा बिल्ला लावून विकली गेली. ती रोव्हर कंपनी २००५ साली बुडाली. तिच्या वारशातले एमजी हे नाव चीनच्या कंपनीकडे गेले. त्या चिनी कंपनीने गुजरातमधला हलोलचा कारखाना घेतला, जो आधी अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा होता. पुढे त्यात भारतातल्या जिंदल समूहाने वाटा घेतला. आता ही गाडी कोणत्या देशाची, हे ज्याने त्याने सांगावे!

आतले भाग पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो. फियाटचे १.३ लिटरचे एक डिझेल इंजिन होते. ते भारतातच बनत असे आणि मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये आणि खुद्द फियाटच्या पुंटोमध्येही बसे. या तिन्ही गाड्यांचे मालक सिग्नलला शेजारी उभे राहून एकमेकांच्या गाडीला नावे ठेवत असतील, पण तिघांच्याही बॉनेटखाली काळीज एकाच जातकुळीचे होते.

१९८२ सालचा धडा

देशी-परदेशीचा हा वाद डोक्यात गेला की काय होते, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. डेट्रॉइट हे शहर मोटारींचे माहेरघर. १९८० च्या सुमारास जपानी गाड्या तिथे जोरात खपू लागल्या आणि अमेरिकन कारखान्यांत कामगारकपात सुरू झाली. 'जपान्यांनी आमची भाकरी पळवली' अशी हवा तापली. जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाचे लग्न तोंडावर आले होते. तो मित्रांबरोबर बाहेर गेला असताना दोन गोऱ्या माणसांशी त्याची बाचाबाची झाली. त्यांपैकी एक मोटार कारखान्यात सुपरवायझर होता, दुसरा कामावरून कमी केलेला कामगार. पुढे त्यांनी त्याला गाठून बेसबॉलच्या दांडक्याने मारले आणि चार दिवसांनी तो मरण पावला. चिन जपानी नव्हताच, तो चिनी वंशाचा अमेरिकन होता. चेहऱ्यावरून त्याचा न्याय झाला. मारेकऱ्यांना न्यायालयाने तीन वर्षे देखरेखीखाली ठेवण्याची आणि ३,००० डॉलर दंडाची शिक्षा दिली, तुरुंगवास नाही.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, जपानच्या होंडा कंपनीने अमेरिकेतल्या ओहायो राज्यात आपली गाडी बनवायला सुरुवात केली आणि अमेरिकन कामगारांच्याच हातांनी ती बनू लागली. ज्या 'परदेशी' गाडीपायी एका निरपराध तरुणाचा जीव गेला, ती सहा महिन्यांच्या आत अमेरिकेतच तयार होऊ लागली. कपातीचा निर्णय कंपनीच्या दिवाणखान्यात होतो आणि राग निघतो रस्त्यावरच्या माणसाच्या जन्मावर. जन्मावरून माणूस जोखला जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

तळेगाव आणि साणंद

आता आपल्या अंगणात या. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले. हजाराहून अधिक कायम कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. ज्यांनी त्या नोकरीच्या भरवशावर घराचे हप्ते सुरू केले, मुलांना चांगल्या शाळेत घातले, ते रस्त्यावर आले. ऑगस्ट २०२३ मध्ये हा कारखाना कोरियाच्या ह्युंदाई कंपनीला देण्याचा करार झाला. जमीन, इमारती, काही यंत्रे यांचा व्यवहार झाला. जुने कामगार 'आम्हाला कामावर घ्या' म्हणून बायकापोरांसह आंदोलन करीत राहिले.

गुजरातमध्ये साणंदला फोर्ड कंपनीचा कारखाना होता. फोर्डने २०२१ साली भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. टाटांनी तो कारखाना घेतला. ऑगस्ट २०२२ मध्ये जो करार झाला त्यात जमीन आणि यंत्रांबरोबर गाडी बनवणाऱ्या विभागातल्या पात्र कामगारांना सामावून घेण्याचे कलमही होते.

दोन्हीकडे अमेरिकन कंपनी निघून गेली. फरक पडला तो कागदावरच्या एका कलमाने. कामगाराचे भले कोणत्या देशाच्या झेंड्याने होत नाही. करारात त्याचे नाव आहे की नाही, यावर ते ठरते.

आपल्या मुलांचा हिशेब

या साऱ्या व्यवहारात आपल्या समाजाचा एक वेगळा हिशेब आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. सरकारी कंपन्यांत राखीव जागा असतात, म्हणजे मारुतीसारख्या कंपनीचे दार आपल्या मुलांसाठी किलकिले झाले. पण दोनच वर्षांनी, १९९२ साली, मारुती सरकारी कंपनी राहिली नाही. दार उघडले आणि घरच हलवले! मात्र यात केवळ परदेशी मालकाला दोष देऊन भागणार नाही. प्रीमियर, बिर्ला, टाटा, बजाज या अस्सल देशी कंपन्यांवर राखीव जागांचे बंधन कधीच नव्हते.

जात परदेशी कंपनीच्या गेटवर थांबते असेही समजू नका. जुलै २०१२ मध्ये मारुतीच्या मानेसर कारखान्यात भीषण हिंसाचार झाला आणि एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. ते कृत्य निंद्यच होते. त्या दिवसाची सुरुवात एका दलित कामगाराला सुपरवायझरने जातीवरून बोलण्याने झाली, असे कामगारांचे म्हणणे. कंपनीने ते नाकारले. शेकड्याहून अधिक कामगार तुरुंगात गेले. २०१७ साली न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या १३ जणांना जन्मठेप झाली आणि ११७ जण निर्दोष सुटले. निर्दोषांची तुरुंगात गेलेली वर्षे कुणी परत केली नाहीत. या असंतोषाच्या मुळाशी कंत्राटी पद्धतीचाही प्रश्न होता. एकाच लाइनवर, एकाच पाळीत, तेच काम करणारे दोघे. एकाला कायम कामगाराचा पगार आणि दुसऱ्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी. चाकण, भोसरी, वाळूज इथल्या सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत प्रेसवर बसणारी मुले बहुधा ठेकेदाराचीच असतात, मग वर गाडीचे नाव जर्मन असो वा मराठी.

मग गाडी कोणती घ्यावी?

वाचक म्हणतील, एवढे सांगितलेत, आता सल्ला द्या. आमचे सांगणे साधे आहे. गाडी आपल्या देशात बनलेली असेल तर निदान मजुरी इथे राहते, म्हणून मालक कोण यापेक्षा कारखाना कुठे हे आधी विचारा. नफा आणि नाव वापरण्याची रॉयल्टी बाहेर जाते, हेही ध्यानात ठेवा. टॅक्सीसाठी घेत असाल तर सुटे भाग जवळ मिळतात का आणि नाक्यावरच्या मेस्त्रीला ती उघडता येते का, ते पाहा. शेवरोले आणि फोर्डवाल्यांची कंपनी निघून गेल्यावर काय धावपळ झाली, ते त्यांनाच विचारा. हप्ता असा ठेवा की एक महिना आजारपणात गेला तरी गाडी ओढून नेण्याची पाळी येऊ नये.

आणि जी मुले-मुली आयटीआय करून या कारखान्यांच्या गेटवर उभी आहेत, त्यांनी कंपनीच्या नावावर भाळू नये. नेमणुकीचे पत्र कंपनीचे आहे की ठेकेदाराचे, ते वाचावे. पगाराची चिठ्ठी, पीएफचा नंबर आणि ईएसआयचे कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घ्यावे. प्रेसवर संरक्षक जाळी नसेल तर हात घालू नये. युनियन असेल तर तिचे सभासद व्हावे, आणि मालक विकून निघाला तर पहिला प्रश्न हाच विचारावा : करारात आमचे कलम कुठे आहे?