टीव्ही गेमचा रिमोट जिथे लागतो ती जागा

आमच्या घरी बाबांच्या लहानपणचा टीव्ही गेम आहे. आजोबांनी तो 1998 साली तालुक्याच्या बाजारातून आणला होता. त्याला दोन रिमोट आहेत. खरे नाव कंट्रोलर, पण आमच्याकडे सगळे रिमोटच म्हणतात. रिमोटच्या वायरीच्या टोकाला एक प्लग असतो आणि तो डब्याच्या पुढच्या बाजूला लागतो. ज्या जागी लागतो तिला पोर्ट म्हणतात. आमच्या डब्याचे पहिले पोर्ट बिघडले होते. ते कसे शोधले व कसे नीट केले ते मी लिहिते आहे, कारण असा डबा गावात आणखी दोन-तीन घरी माळ्यावर पडलेला आहे.

आधी थोडी माहिती. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 साली फॅमिली कॉम्प्युटर नावाचा गेम काढला. त्याचे दोन्ही रिमोट डब्यालाच कायमचे जोडलेले होते, काढताच येत नसत. 1985 साली कंपनीने तो अमेरिकेत वेगळ्या रूपात आणला, तेव्हा त्याला 7 पिनांची पोर्टे दिली. पुढे त्याच्या पुष्कळ नकला निघाल्या. आमचा डबा अशीच एक नक्कल आहे. त्याच्या पोर्टात 9 पिना आहेत, पण कामाच्या फक्त 5.

आता कोणीही विचारील, की रिमोटवर बटणे 8 आणि वायरी 5, मग भागते कसे? मलाही हेच कळत नव्हते. माझा मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्याने मला ते हजेरीवरून समजावले.

समजा एका रांगेत आठ मुले उभी आहेत. त्यांची नावे ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. क्रम हाच, बदलत नाही. पहिली वायर 5 व्होल्ट वीज देते आणि दुसरी ती परत नेते. या दोन नसल्या तर शाळाच बंद. तिसरी वायर म्हणजे गुरुजींचा हुकूम, "जसे आहात तसे थांबा!" मग ज्याचे बटण दाबलेले आहे तो हात वर करून थांबतो, बाकीचे हात खाली. चौथी वायर म्हणते, "पुढचा... पुढचा... पुढचा." पाचव्या वायरीतून एकेकाचे उत्तर डब्याकडे जाते. रिमोटमधली एक छोटी आयसी हे सगळे करते. आपल्याकडच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला 50 वेळा बदलते आणि साधारण तितक्याच वेळा ही हजेरी होते. आमच्या गुरुजींना आमची एक हजेरी घ्यायला पाच मिनिटे लागतात!

आता आमच्या डब्याचा रोग सांगते. पहिल्या पोर्टाला रिमोट लावला, की थोडा वेळ बरा चालायचा. मग मधेच उडी मारायला ए दाबले, की खेळच थांबायचा. दुसरे बटण दाबावे तर काहीच नाही. दादा म्हणाला रिमोट खराब. तालुक्याच्या एका दुकानात नेला तर तिथले म्हणाले, आतली आयसी गेली, नवा घ्या. दुसरे पोर्ट चांगले होते, पण त्याचा उपयोग नाही. कारण एकट्याने खेळायचे असले किंवा खेळ सुरू करायचा असला तरी बहुतेक कॅसेटींना पहिलाच रिमोट लागतो. आई म्हणाली भंगारवाल्याला देऊन टाका. बाबा काही बोलले नाहीत, पण डबा देऊ देईनात. आजोबा आता नाहीत, आणि त्यांनी बाबांसाठी आणलेल्या वस्तूंपैकी ही एवढीच घरात राहिली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मामा आला. त्याने डबा उघडायच्या आधी एक साधी गोष्ट केली. दोन्ही रिमोटांची अदलाबदल केली. दोन्ही रिमोट दुसऱ्या पोर्टात ठणठणीत चालले आणि पहिल्या पोर्टात दोन्ही सारखेच बिघडले. म्हणजे रिमोटचा काही दोष नाही. रोग जर रिमोटबरोबर या पोर्टातून त्या पोर्टात गेला असता, तर रिमोटची वायर तुटली असे समजावे. ती बहुतेक प्लगजवळच तुटते, वरून रबर चांगले दिसते आणि आत तार तुटलेली असते. या तपासणीला पैसा लागत नाही की हत्यार लागत नाही, तरी दुकानात ती कोणी केली नव्हती.

मग मामा म्हणाला, "ए दाबल्यावर खेळ थांबतो ना? मग चौथी वायर बघू." मला नवल वाटले. पण हजेरी आठवून पाहा. "पुढचा" असे कोणी म्हटलेच नाही तर काय होईल? पहिला मुलगा ए, तोच आठ वेळा उत्तर देत बसेल. ए दाबलेले असेल तर डब्याला वाटेल आठही बटणे दाबली आहेत. त्यात स्टार्टही आले, आणि स्टार्टने खेळ थांबतो! ए दाबलेले नसेल तर डबा समजतो कोणीच हात वर केला नाही. मग तुम्ही बाकीची बटणे कितीही दाबा. मला ही सगळ्यात भारी गोष्ट वाटली, डबा न उघडता कोणती वायर ते कळले.

मग अॅडॅप्टर भिंतीतून काढला आणि डबा उलटा करून स्क्रू काढले. आत हिरवी प्लेट असते. पोर्टाच्या पिना प्लेटच्या भोकांतून खाली येतात आणि तिथे सोल्डरने चिकटवलेल्या असतात. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसे यांची वितळणारी तार. मी टॉर्च धरली होती. भिंगातून पाहिले तर एका पिनेभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. मेकॅनिक लोक याला ड्राय सोल्डर म्हणतात. मामाने मीटरचे एक टोक त्या पिनेला आणि दुसरे प्लेटवरच्या तिच्या तांब्याच्या रेषेला लावले. आवाज आला. पिन बोटाने जराशी हलवली, तर आवाज बंद. पुन्हा हलवली तर पुन्हा सुरू. तीच चौथी वायर होती.

ही चीर का पडते? अमेरिकेतल्या त्या मूळ डब्यात पोर्ट वेगळे असते आणि वायरींनी प्लेटला जोडलेले असते, त्यामुळे ओढाताण प्लेटपर्यंत पोचत नाही. आमच्या डब्यात पोर्ट सरळ प्लेटवरच बसवले आहे, आणि स्क्रू एकही नाही. रिमोटची वायर आखूड. खेळाच्या भरात आपण मागे सरकतो, वायर ताणली जाते आणि सगळा ताण त्या सोल्डरच्या ठिपक्यांवर येतो. सोल्डर मऊ असतो, वर्षानुवर्षे ओढले तर तडकणारच.

दुरुस्ती दोन मिनिटांची. मामाने पिनेला थोडी सोल्डर पेस्ट लावली, गरम आयर्न दोन-तीन सेकंद टेकवले आणि नवा सोल्डर दिला. थंड होईपर्यंत हलवू दिले नाही, कारण ओला सोल्डर हलला तर पुन्हा ड्राय सोल्डर होतो. चांगला सोल्डर चकचकीत दिसतो, छोट्या तंबूसारखा. शेजारच्या दोन पिना एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, तेही मीटरने पाहिले. आयर्न 300 अंशांहून जास्त तापते, म्हणून हे काम मोठ्या माणसानेच करायचे. आणि सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून ज्याने हात लावला त्याने साबणाने हात धुवायचे. मला टॉर्चच धरायची होती तरी मामाने मलाही धुवायला लावले.

कोणाच्या पोर्टात पिना काळ्या पडल्या असतील तर मेकॅनिककडे स्पिरिट मिळते, ते कापसाच्या काडीने लावून पुसावे. थिनर लावू नये, प्लॅस्टिक विरघळते. फुंकरही मारू नये, तोंडातल्या वाफेने पिना आणखी गंजतात. (बाबा अजून कॅसेटवर मारतात.) पिन वाकली असेल तर चिमट्याने हळू, एकदाच सरळ करावी. पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटून हातात येते. प्लग काढताना प्लगच धरावा, वायर धरून ओढू नये.

मामाने तेवढ्यात दुसऱ्या पोर्टाच्या पाचही पिनांना नवा सोल्डर दिला, कारण ते आज ना उद्या तडकलेच असते. त्या पोर्टावर दादा खेळतो. पहिले पोर्ट माझे आहे, आणि रविवारी दुपारी बाबांचे.