राष्ट्रीय महामार्ग ४४

राष्ट्रीय महामार्ग ४४ हा भारतातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग आहे. जम्मू-काश्मीरमधील श्रीनगर येथून निघून तो तमिळनाडूतील कन्याकुमारी येथे संपतो. त्याची लांबी साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक आहे. हिमालयाच्या रांगा, पंजाब-हरियाणाचे मैदान, चंबळचे खोरे, विंध्य व सातपुडा पर्वत, दख्खनचे पठार आणि दक्षिण टोकाची सखल भूमी असे भारताचे बहुतेक प्रमुख भूप्रदेश या एकाच रस्त्यावर येतात. महाराष्ट्रात तो नागपूर, वर्धा व यवतमाळ या जिल्ह्यांतून जातो. देशाची उत्तर-दक्षिण वाहतूक जोडणारा हा मार्ग काही ठिकाणी निसर्गापुढे वारंवार बंद पडतो, तर काही ठिकाणी तो स्वतःच वन्यजीवांची वाट अडवतो.

नाव व क्रमांक

२०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. नव्या पद्धतीनुसार उत्तर-दक्षिण जाणाऱ्या प्रमुख महामार्गांना सम आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या महामार्गांना विषम क्रमांक मिळाले. त्या वेळी सात जुन्या महामार्गांचे पूर्ण किंवा अंशतः भाग एकत्र करून ४४ हा क्रमांक देण्यात आला. श्रीनगर ते जालंधर (जुना १अ), जालंधर ते दिल्ली (१), दिल्ली ते आग्रा (२), आग्रा ते ग्वाल्हेर (३), ग्वाल्हेर ते झाशी (७५), झाशी ते लखनादौन (२६) आणि लखनादौन ते कन्याकुमारी (७) असे हे भाग होत. यांपैकी जुना क्रमांक ३ हा मुंबई-आग्रा महामार्ग म्हणून महाराष्ट्रात सुपरिचित आहे. वाराणसीहून कन्याकुमारीस जाणारा जुना क्रमांक ७ हा पूर्वी देशातील सर्वांत लांब महामार्ग होता. राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पातील उत्तर-दक्षिण मार्गिका बहुतांशी याच रस्त्याने जाते. ती पूर्व-पश्चिम मार्गिकेला झाशी येथे छेदते.

मार्ग व भूप्रदेश

हिमालयीन टप्पा : श्रीनगर, अनंतनाग व काझीगुंड ओलांडल्यावर रस्ता पीर पंजाल रांगेपाशी पोहोचतो. येथील जवाहर बोगदा १९५६ मध्ये खुला झाला. परंतु तो उंचावर असल्याने हिवाळ्यात हिमवृष्टीमुळे वाहतूक खोळंबत असे. त्याच्या सुमारे ४०० मीटर खालून काढलेला, साडेआठ किलोमीटर लांबीचा बनिहाल-काझीगुंड बोगदा २०२१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पुढे चिनाब नदीच्या खोऱ्यातील रामबन लागते. रामबन व उधमपूर यांच्या दरम्यान नऊ किलोमीटरहून अधिक लांबीचा चनैनी-नाशरी बोगदा आहे. २०१७ मध्ये खुल्या झालेल्या या बोगद्यामुळे पटनीटॉपचा घाट टळला व अंतर सुमारे ३० किलोमीटरने कमी झाले.

उत्तरेचे मैदान : जम्मू व पठाणकोटनंतर रस्ता मैदानात उतरतो. खेळाच्या साहित्यासाठी प्रसिद्ध असलेले जालंधर, सायकली व लोकरी कपड्यांचे लुधियाना, पुढे अंबाला, कर्नाल व पानिपत ही या टप्प्यातील प्रमुख शहरे होत. दोन्ही बाजूंस गहू व भाताची शेती दिसते. जालंधर ते आग्रा हा भाग साधारणपणे प्राचीन उत्तरापथाच्या, म्हणजेच शेरशाह सूरीने सुधारलेल्या ग्रँड ट्रंक रोडच्या, मार्गाने जातो. त्या काळच्या व पुढे मोगलांनी उभारलेल्या कोस मिनारांपैकी काही मिनार हरियाणात अद्याप उभे आहेत.

चंबळ ते नर्मदा : राजस्थानात हा महामार्ग केवळ ढोलपूर जिल्ह्यातून जातो. ढोलपूर व मुरैना यांच्यामध्ये तो चंबळ नदी ओलांडतो. पाण्याने माती कापली जाऊन तयार झालेल्या खोल घळींचा हा प्रदेश ‘बीहड’ म्हणून ओळखला जातो. नदीचे पात्र घडियालांसाठी संरक्षित आहे. ग्वाल्हेर, झाशी, ललितपूर व सागर यांमागून विंध्याचा पठारी प्रदेश संपतो आणि नरसिंहपूर जिल्ह्यात बरमान येथे नर्मदा लागते.

सातपुडा ते गोदावरी : लखनादौन व सिवनीमार्गे सातपुड्याची जंगले पार करून रस्ता महाराष्ट्रात येतो. नागपूर येथे त्याला पूर्व-पश्चिम जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ भेटतो. नागपूरच्या संत्र्यांचा प्रदेश मागे पडल्यावर काळ्या जमिनीचा कापूसपट्टा सुरू होतो. हिंगणघाट ही कापसाची जुनी बाजारपेठ. त्यापुढे वर्धा नदी ओलांडून रस्ता यवतमाळ जिल्ह्यात वडकी व पांढरकवडा या गावांवरून जातो आणि पैनगंगा पार करून तेलंगणात प्रवेश करतो. आदिलाबादनंतर लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले निर्मल लागते व त्याच्या दक्षिणेस गोदावरी.

दक्षिणेकडील टप्पा : हैदराबादनंतर कृष्णा, तर कर्नूल येथे तुंगभद्रा ओलांडावी लागते. अनंतपूरचा पर्जन्यछायेतील कोरडा प्रदेश भुईमुगाच्या शेतीसाठी ओळखला जातो. बंगळूरू व होसूरनंतर धर्मपुरी व सेलम यांच्या दरम्यानचा तोप्पूर घाट अपघातप्रवण आहे. कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध असलेले नामक्कल, कावेरीपलीकडील करूर, दिंडिगल, मदुराई व तिरुनेलवेली या शहरांनंतर पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाजवळ पवनचक्क्यांची शेते दिसू लागतात आणि कन्याकुमारी येथे मार्ग संपतो.

मराठी इतिहासाशी संबंध

या मार्गावरील अनेक शहरे अठराव्या शतकातील मराठ्यांच्या उत्तरेकडील हालचालींशी निगडित आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे व अहमदशाह अब्दाली यांच्यात पानिपत येथे युद्ध झाले. तेथील ‘काला आंब’ हे त्याचे स्मारक होय. ग्वाल्हेर येथे शिंदे, झाशी येथे नेवाळकर व नागपूर येथे भोसले यांची सत्ता होती. सागर हे गोविंदपंत बुंदेले यांचे प्रमुख ठाणे होते. पानिपतच्या मोहिमेत रसदपुरवठ्याची जबाबदारी सांभाळताना डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले. मार्गाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या विवेकानंद शिलास्मारकाच्या (१९७०) उभारणीत अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे यांचा प्रमुख वाटा होता.

दरडींची समस्या

रामबन व उधमपूर या जिल्ह्यांत रस्ता ठिसूळ डोंगरउतारांवरून जातो. पावसाळ्यात व हिवाळ्यात दरडी कोसळून तो वरचेवर बंद पडतो. काश्मीर खोऱ्यातील सफरचंदांचा हंगाम शरद ऋतूत असतो आणि हे नाशवंत फळ बाहेर नेण्याची भिस्त मुख्यतः याच रस्त्यावर असते. त्यामुळे रस्ता काही दिवस बंद राहिला, तरी मालमोटारींतच फळ सडू लागते व बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न धोक्यात येते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीनंतर असे मोठे नुकसान झाले. रुंदीकरण व बोगद्यांची कामेही जोखमीची ठरली आहेत. मे २०२२ मध्ये रामबन जिल्ह्यातील खूनी नाला येथे बांधकाम सुरू असलेल्या बोगद्याचा भाग कोसळून दहा मजूर मृत्युमुखी पडले.

वन्यजीव व महामार्ग

सिवनी व नागपूर यांच्या दरम्यान हा महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. कान्हा, पेंच व नवेगाव-नागझिरा येथील वाघ एकमेकांच्या क्षेत्रांत ये-जा करतात ते याच वनपट्ट्यांतून. ही ये-जा थांबली, तर प्रत्येक जंगलातील वाघ एकाकी पडतात व त्यांच्यातील आनुवंशिक विविधता घटते. त्यामुळे चौपदरीकरणास आक्षेप घेण्यात आला, प्रकरण न्यायालयात गेले आणि काम दीर्घकाळ रखडले. अखेर रस्ता काही ठिकाणी खांबांवर उचलून त्याखालून प्राण्यांना मोकळी वाट ठेवण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला.

महाराष्ट्रातील सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यात अशा नऊ वाटा आहेत. त्यांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. कळपाने हिंडणारी चितळांसारखी जनावरे अरुंद व अंधाऱ्या जागेत शिरण्यास कचरतात, म्हणून ही रुंदी महत्त्वाची ठरते. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात स्वयंचलित कॅमेऱ्यांद्वारे पाहणी केली. तीत १८ जातींचे वन्यप्राणी या वाटा वापरत असल्याचे आढळले. अकरा वाघांनी मिळून ८९ वेळा रस्ता खालून पार केल्याची नोंद झाली. मध्य प्रदेशातील भागात अशा वाटांबरोबरच वाहनांचा आवाज व दिव्यांचा झोत अडविणाऱ्या भिंती उभारण्यात आल्या आहेत. भारतात रेषीय प्रकल्पांची आखणी करताना आता या उपायाचे उदाहरण दिले जाते. मात्र वाटांच्या परिसरातील जंगल टिकले आणि तेथे माणसांचा वावर मर्यादित राहिला, तरच त्यांचा उपयोग होतो.