पाल्मीरा : अवशेषांचे छायाचित्र आणि त्याचे प्रामाण्य

पुरातत्त्वाच्या अभ्यासात छायाचित्राला बहुधा दुय्यम साधनाचे स्थान दिले जाते. वास्तू समोर उभी असते, तिचे मोजमाप पुन्हा घेता येते, शिलालेखाचा ठसा पुन्हा काढता येतो. अशा वेळी स्मरणास साहाय्य करणारे एक उपकरण एवढेच छायाचित्राचे महत्त्व उरते. सिरियाच्या वाळवंटातील पाल्मीरा या प्राचीन नगराच्या बाबतीत ही व्यवस्था २०१५ साली उलटी झाली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्लामिक स्टेट या संघटनेने बालशामीनचे मंदिर स्फोटकांनी उडवून दिले. पाठोपाठ ३० ऑगस्ट रोजी बेल या प्रमुख देवतेच्या मंदिराचे गर्भगृह जमीनदोस्त झाले. एलाहबेलच्या समाधीसह कित्येक समाधि-मनोरे आणि ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध स्मारक-कमान हीही नाहीशी झाली. चार दशके तेथील पुरावशेषांची देखभाल केलेले विद्वान खालेद अल्-असद यांची १८ ऑगस्ट रोजीच हत्या करण्यात आली होती. इ. स. ३२ मध्ये अर्पण झालेल्या बेलच्या गर्भगृहापैकी पश्चिमेकडील दरवाजाची चौकट तेवढी स्फोटातून उभी राहिली. त्या वास्तूविषयी यापुढे जे काही सांगावयाचे ते मुख्यतः चित्रांच्या आधारे सांगावे लागणार. म्हणूनच हस्तलिखितांना जी चिकित्सा लावली जाते, ती आता या छायाचित्रांना लावणे प्राप्त झाले आहे.

पाल्मीराच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत लुई व्हिन्य या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८६४ साली घेतलेल्या छायाचित्रांची गणना होते. ड्यूक द ल्यून याच्या मृत समुद्राकडील मोहिमेत तो छायाचित्रकार म्हणून सहभागी झाला होता; त्याच्या निगेटिव्हांवरून प्रती छापण्याचे काम शार्ल नेग्र याने केले. पुढे बैरूत येथे व्यवसाय थाटलेल्या फेलिक्स बोंफीस याने प्रवाशांना विकण्यासाठी पाल्मीराची दृश्ये टिपली. त्या काळी प्रचलित असलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा ओला लेप देऊन तो वाळण्यापूर्वीच प्रकाशन आणि विकसन, दोन्ही उरकावे लागत. वाळवंटाच्या उष्ण हवेत हा अवधी आणखी आखूड होई. अंधारा तंबू, रसायने, काचा आणि धुण्यासाठी लागणारे पाणी एवढा संभार उंटांवर लादून नेणाऱ्याने किती काचा वापरल्या असतील याचा विचार केला, म्हणजे त्या संग्रहांतील प्रत्येक चित्र ही जाणूनबुजून केलेली निवड होती हे ध्यानात येते.

ही निवड आणि हे रसायन, या दोहोंचा परिणाम चित्रावर झालेला आहे. कलोडियनचा लेप निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असतो, पिवळ्या-तांबूस प्रकाशाला फारसा नसतो. परिणामी आकाश पांढरे फटक उमटते आणि पाल्मीराच्या मधासारख्या रंगाचा चुनखडीचा दगड वास्तविकतेपेक्षा काळवंडलेला दिसतो. अशा चित्रावरून दगडाच्या झिजेविषयी वा काजळीविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे. शिवाय प्रकाशनाला वेळ लागत असल्यामुळे चालती माणसे, जनावरे पुसट होत किंवा उमटतच नसत. जुन्या चित्रांतील निर्जन, स्तब्ध पाल्मीरा ही काही अंशी तरी या तंत्राची निर्मिती होय.

काही अंशी असे म्हणण्याचे कारण, उरलेला अंश छायाचित्रकाराच्या दृष्टीचा आहे. पाल्मीरा निर्जन नव्हते. बेलच्या मंदिराचे विस्तीर्ण आवार बाराव्या शतकात तटबंद झाले होते, आणि त्या आवाराच्या आत मातीच्या घरांचे एक पूर्ण गाव वसले होते. खुद्द गर्भगृह आधी ख्रिस्ती प्रार्थनास्थळ झाले होते व नंतर मशीद. फ्रेंच अमलात, १९२९ ते १९३२ या काळात, गावकऱ्यांना जवळच वसविलेल्या नव्या वसाहतीत हलवून ती घरे पाडण्यात आली. मंदिर मोकळे झाले, त्याचे रूप खुलले, अभ्यासही सुकर झाला. तथापि कित्येक शतके मंदिराला जिवंत ठेवणारा थर कायमचा नाहीसा झाला, हे उत्खननशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. गाव उठण्यापूर्वीच्या चित्रांत स्तंभांना टेकलेल्या भिंती आणि धाबी दिसतात. ज्यांना ती चौकटीत आली म्हणून बहुधा रुखरुख वाटली असेल, त्यांच्याच काचांवर त्या गावाचा पुरावा राहिला आहे.

छायाचित्रापूर्वीचे मोठे साधन म्हणजे रॉबर्ट वुड आणि जेम्स डॉकिन्स यांनी १७५१ साली केलेली पाहणी. त्यांच्याबरोबर बोर्रा हा वास्तुरेखक होता व त्यांचा ग्रंथ १७५३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. या आरेखनांत मापे आहेत. मात्र तुटलेले जोडून, झिजलेले कोरून दाखविण्याचा मोह त्या काळच्या रेखकाला आवरत नसे. छायाचित्राचे याच्या नेमके उलट असते. त्यात भेग, ढासळलेला कोपरा, दगडावरचा डाग हे सारे येते, पण माप येत नाही.

माप मिळविण्याची युक्ती जर्मनीत निघाली. १८५८ साली वेट्झलार येथील चर्चचे मोजमाप घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबावर हा तरुण स्थापत्यविशारद उंचावरून पडता पडता वाचला, आणि वास्तूऐवजी तिच्या छायाचित्रावर मोजणी करावी हा विचार त्याला सुचला. वास्तूवरील एकच बिंदू निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या दोन चित्रांत ओळखता आला, तर दोन्ही ठिकाणांहून काढलेल्या दृष्टिरेषा जेथे छेदतात तेथे तो बिंदू अवकाशात निश्चित होतो. छायामापनाचे तत्त्व एवढेच आहे. आता संगणक अशा लक्षावधी बिंदूंची जुळणी करतो व त्यांतून वास्तूची त्रिमित प्रतिमा उभी करतो. तथापि दोन अटी सुटत नाहीत. एक, चित्रे परस्परांना पुरेशी व्यापणारी हवीत. दोन, चित्रात कोठे तरी ज्ञात लांबी हवी; मापपट्टी वा मोजलेला स्तंभ नसेल, तर प्रतिमेला आकार लाभतो, आकारमान लाभत नाही.

पाल्मीराची प्रवाशांनी घेतलेली चित्रे विपुल आहेत, परंतु बहुतेकांनी कमान समोरून टिपली आणि स्तंभमार्ग सायंकाळच्या प्रकाशात. मागील बाजू, माथे, सांधे, गर्भगृहातील अंधाऱ्या देव्हाऱ्यांची कोरीव छते यांची चित्रे त्या मानाने विरळ. उत्तरेकडील देव्हाऱ्याच्या छतावर राशिचक्र व सात ग्रहदेवता कोरलेल्या होत्या. अशा ठिकाणी सहज घेतलेले चित्र फारसे उपयोगी पडत नाही. चित्रांत जे नाही ते प्रतिमेत अनुमानाने भरले जाते, आणि भरलेला भाग वेगळा दाखविला नाही तर पाहणाऱ्याला तो पुराव्यासारखाच भासतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ट्रफॅल्गर चौकात उभारलेली कमानीची प्रतिकृती छायाचित्रांवरूनच यंत्राने कोरली होती. ती मूळ कमानीहून लहान होती आणि इजिप्तच्या संगमरवराची होती. तिची रूपरेषा परिचयाची वाटे. छिन्नीच्या खुणा आणि शतकांची झीज मात्र तीत उतरली नव्हती.

याउलट बालशामीनच्या मंदिराचे उदाहरण पाहावे. स्विस पुरातत्त्वज्ञ पॉल कोलार याने १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले. त्याची छायाचित्रे, आरेखने व टिपणे लोझान विद्यापीठात जतन झाली होती, आणि मंदिराच्या विध्वंसानंतर त्यांच्या आधारे त्रिमित प्रतिमा तयार करता आली. हे साध्य झाले ते चित्रांच्या संख्येमुळे नव्हे, तर प्रत्येक चित्राचा आरेखनाशी व टिपणाशी संबंध लावता येत होता म्हणून.

छायाचित्रात प्रकाशाचा विचार सौंदर्यासाठी करावयाचा नसतो, वाचनासाठी करावयाचा असतो. बेलच्या गर्भगृहाचा दरवाजा नेहमीप्रमाणे आखूड बाजूस नसून पश्चिमेच्या लांब भिंतीत होता. त्यावर ऊन पडे ते दुपारनंतरच. उत्तरेच्या भिंतीस हिवाळ्यात थेट ऊन लागत नसे, म्हणून हिवाळी चित्रांत तिचे कोरीव काम सपाट दिसणे स्वाभाविक आहे. स्तंभमार्गावरील लेखांचे वाचन याहून कठीण. स्तंभांतून पुढे आलेल्या आधारांवर सन्मानित नागरिकांचे पुतळे असत व लेख त्याखाली, पुष्कळ उंचीवर, कोरलेले असत. उन्हाळ्यात दुपारचे ऊन अशा उभ्या पृष्ठावर वरून खाली घसरते. तेव्हा अक्षरांच्या आडव्या रेघा उठून दिसतात आणि उभ्या रेघा लोपतात. प्रकाश बाजूने आला की नेमके उलट घडते. म्हणून एका लेखाची किमान दोन चित्रे, दोन वेगळ्या प्रकाशांत, घ्यावी लागतात. हे बारकावे भारतीय अभ्यासकालाही परके नाहीत, इ. स. १५७ मधील येथील एका लेखात ‘सिथिया’हून, म्हणजे सिंधुमुखाच्या प्रदेशातून, जहाजाने परतलेल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. तिरप्या उन्हाचा हाच गुण आंत्वान प्वादबार या जेझुइट धर्मगुरूने विमानातून वापरला. जमिनीवरून न दिसणाऱ्या रोमन मार्गांच्या व ठाण्यांच्या रेषा त्याने सिरियाच्या वाळवंटात सावल्यांवरून शोधल्या, आणि १९३४ साली ते संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

पुनर्रचनेचा प्रश्न निघाला की चित्राची तारीख निर्णायक ठरते. स्तंभमार्गाच्या चौकातील सोळा स्तंभांचा टेट्रापायलॉन १९६३ साली पुन्हा उभा करण्यात आला. त्या सोळांपैकी एकच स्तंभ मूळचा, आस्वानच्या ग्रॅनाइटचा होता; बाकीचे काँक्रीटचे. १९६३ नंतरच्या चित्रांत ते सारे एकाच तोलाचे, एकाच काळाचे वाटतात. पाल्मीरा पुन्हा त्या संघटनेच्या हाती गेल्यावर, जानेवारी २०१७ मध्ये, त्यांतील बहुतेक पाडण्यात आले. आता तेथे काय उभारावयाचे, तिसऱ्या शतकातील रचना, १८६४ च्या काचेवरील पडझड की १९६३ चे काँक्रीट, याचे उत्तर छायाचित्र देऊ शकत नाही. बेलच्या आवाराची स्थिती याहून अवघड. २०१६ च्या वसंतात ड्रोनद्वारे तेथील पडलेल्या शिलाखंडांची चित्रे घेण्यात आली. जुन्या चित्रांशी ताडून जे खंड ओळखता येतील त्यांचे स्थान ठरविता येईल, चुरा झालेल्यांचे ठरविता येणार नाही. आणि १९३२ नंतरच्या चित्रांवरून तयार झालेल्या प्रतिमेत ते आवार मोकळेच दिसेल. त्यातील घरे पाहावयाची तर जुन्या काचांकडेच परतावे लागेल.